विहीणबाई, पाण्यावर तरी जेवा

विहीणबाई, काल तुमचं तेरावं जेवून आम्ही तुमच्या ईट गावाहून धाराशिवला परत आलो. तुमच्या थोरल्या सुनेनं आग्रह करकरून वाढलं आणि मी खाल्लं. पुरी खाल्ली, खीर खाल्ली, वर ताक प्यायले. खाताना मनात एकच येत होतं, की बघा, बाई गेली तरी जेवायची पाळी माझीच. दर येळवशीच्या अमावास्येला तुमच्या शेतात आम्ही भज्जी-आंबिलीवर ताव मारायचा, तुमच्या भट्टीवरचा गरम खवा तळहातावर घेऊन चाटायचा, निघताना डबा भरून आणायचा. आणि तुम्ही माझ्या दारी आलात की ओट्यावर बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचं. असं कुठं असतं का?

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पिठाच्या गिरणीवर उभं राहून जन्म गेला, पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागली, ती घरातही सुटली नाही. तुमचं नेमकं उलटं. तुम्ही हळू बोलायच्या आणि बोललेल्यावरून तसूभर हलायच्या नाहीत. "मीनलला लेकरू झालं की तिच्या घरी पोटभर जेवीन, तवर न्हाय," असं तुम्ही लेकीच्या लग्नाच्या मांडवात म्हणालात. रीतच आहे ती, मला काय ठाऊक नाही? माझ्या आईनंही माझ्याकडं पहिला घास घेतला तो माझ्या लेकाच्या, शेखरच्या, बारशाला. पण माझ्या आईला फार थांबावं लागलं नव्हतं. तुम्ही किती थांबलात, ते मोजायचं आपण दोघींनीही केव्हाच सोडलं होतं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या पाण्यावरच्या हॉटेलात आपल्याला पोरांनी हवापालटासाठी पाठवलं, असं तुम्ही सगळ्या ईटभर सांगत होतात. तसं नव्हतं ते. दिवाळीत मी पुरणपोळ्या केल्या होत्या आणि तुम्ही ओट्यावर बसून फडक्यातली भाकरी सोडली होतीत. तेव्हा मी जो आवाज चढवला तो गल्लीनं ऐकला. "माझ्या पुरणात काय विष आहे का?" असं मी म्हणाले. तुम्ही चटणीचा खडा फोडत राहिलात. मीनल आत निघून गेली. त्यानंतर शेखर आणि मीनलनं ठरवलं, की या दोघी बायांना अशा ठिकाणी नेऊन सोडायचं जिथं ना सासरचं घर ना माहेरचं. एका ताटाशी बसतील, भांडण मिटेल, एवढाच त्या पोरांचा हिशेब होता.

आपल्या जिल्ह्यात पाण्यावर तरंगणारं हॉटेल! मी ऐकलं तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखलं. इथं टँकरमागं घागरी घेऊन पळण्यात बायकांचं वय गेलं आणि हे म्हणे पाण्यावर झोपायला जायचं. पण परंड्याच्या अंगाला, सीनेच्या धरणाच्या फुगवट्यावर शेखरच्या मित्राच्या वडिलांनी, आबांनी, खरंच ते उभं केलं होतं. निळे प्लास्टिकचे पिंप एकमेकांना जखडलेले, त्यावर फळ्या, फळ्यांवर बांबूच्या तट्ट्यांच्या चार खोल्या, वर उसाचं पाचट. वीज नाही, पंखा नाही, नळ नाही, फोनला रेंज नाही. अंघोळीचं पाणी बादलीनं नदीतून ओढायचं. आणि परसाकडला जायचं तर होडीत बसून काठावर.

मी आबांना विचारलं, "अहो, अवेळी पोट बिघडलं तर काय करायचं?"

ते शांतपणे म्हणाले, "हाक मारा, होडी आनतो. फकस्त निकडीला हाक मारू नगा, वाईच आधी मारा."

तेव्हा तुम्ही हसलात. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत. इतक्या वर्षांत तुम्हाला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला जरा रागच आला, कारण मी घाबरून खाटेचा खूर धरून बसले होते. खालची फळी हलली की माझा जीव वर यायचा. एवढी गिरणी सांभाळणारी बाई, सापडली बघा कचाट्यात. तुम्ही मात्र अनवाणी इकडून तिकडं फिरत होतात, तट्ट्यांवरून हात फिरवत होतात. "आमच्या शेतातल्या कोपीवानीच हाय की," म्हणालात. "फकस्त कोपी हालत न्हाय."

दुपारी आबांच्या घरच्या बाईंनी, कमलताईंनी, ताटं मांडली. फळ्यांवर मातीचा थर देऊन त्यावर त्यांनी चूल मांडली होती. बाजरीच्या भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. इथं माझा उंबरा नाही, माझा ओटा नाही, आता बाई कुठं पळते बघू. तुम्ही ताटाकडं पाहिलंत आणि मला विचारलंत, "ह्याचं पैसं कुनी भरलं?"

"शेखरनं," मी बोलून गेले.

"मग जावयाचंच अन्न झालं की." आणि तुम्ही पिशवीतून फडकं काढून आपली भाकरी सोडलीत.

माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, "विहीणबाई, घरात नाही तर नाही, पाण्यावर तरी जेवा! का हे नदीचं पाणीही शेखरनं भरलंय?"

"नदीचं पीन की," तुम्ही म्हणालात. "नदी काय जावयाची हाय व्हय?" आणि खरंच वाकून ओंजळभर पाणी प्यायलात. आबा मोठ्यानं हसले. कमलताईंना मात्र ते लागलं, बाईनं रांधलेलं कोणी परत केलं की लागतंच. तुमच्या नजरेला ते आलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती तट्ट्याला चिकटूनच. सगळी खोली एका अंगाला कलली होती. माझी चप्पल, बादली, तांब्या, सगळं घसरत खालच्या बाजूला गोळा झालेलं. मी जी किंकाळी फोडली तिनं काठावरचे बगळे उडाले. झालं होतं असं, की आबांनी ते अख्खं हॉटेल काठावरच्या बाभळीला बांधलं होतं, तेही अगदी आखूड, जनावर दावणीला बांधावं तसं. सुटून जाऊ नये म्हणून. सांजच्याला धरणातून कॅनॉलला पाणी सोडलं, फुगवटा ओसरला, आणि काठाकडची पिंपं एका बुडालेल्या बांधावर टेकली. निम्मं हॉटेल जमिनीवर, निम्मं पाण्यात. त्या उतारावरून तुमची पिशवी घरंगळत गेली ती थेट सीनेत. मी बाहेर आले तेव्हा तुम्ही कडेला उकिडव्या बसून आपल्या भाकरी तरंगत जाताना बघत होतात. मासे येऊन टोचत होते.

"माझं चुकलंच बगा," आबा दोर सोडता सोडता म्हणाले. "उभ्या जन्मात बैल बांधले. पान्यावरचं कदी बांधलं व्हतं?"

मग आपण सगळ्यांनी साड्या खोचून, गुडघाभर चिखलात उभं राहून ते हॉटेल ढकललं. मी, तुम्ही, कमलताई, शेजारच्या खोलीतलं बार्शीचं जोडपं. राहायला आलेल्या गिऱ्हाइकांनीच हॉटेल ढकलायचं, असं दुसरीकडं कुठं मिळणार? "हय्या" म्हणायला माझाच आवाज उपयोगी पडला. ते सुटून पाण्यावर डुललं तेव्हा तुम्ही माझ्या दंडाला घट्ट धरलं होतंत. तो तुमचा हात मला आत्ताही जाणवतो.

पण आता तुमच्याकडं खायला काहीच उरलं नव्हतं. सकाळचा चहा तुम्ही घेतला नाहीत. कमलताईंनी पोह्यांची ताटली पुढं केली, ती तुम्ही हात जोडून परत केलीत. माझ्याच्यानं बघवेना. तुमचं शुगरचं दुखणं मला ठाऊक होतं. मी ओरडले नाही, हे आठवतंय ना? मी म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या पाया पडते, घासभर खा." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, उठलात, आणि कमलताईंच्या चुलीजवळ जाऊन म्हणालात, "सरक गं बाय. आज समद्यांच्या भाकरी म्या थापते."

आणि बसलात. हलत्या फळ्यांवर, धुरात डोळे बारीक करून, भराभरा भाकरी थापत राहिलात. प्रत्येक भाकरी टम्म फुगत होती. बार्शीकरांना वाढलंत, आबांना वाढलंत, कमलताईंना हाताला धरून पाटावर बसवलंत आणि वाढलंत. "रोज तूच वाढतीस, आज बस," म्हणालात. त्यांचे डोळे भरून आले. मग मला वाढलंत, आणि शेवटी एक ताट स्वतःपुढं ओढून घेतलंत.

"आता ही माझ्या कामाची भाकर हाय," तुम्ही मला म्हणालात. "जावयाची न्हाय."

रीतही मोडली नाही, अन्नाचा अपमानही झाला नाही, आणि कमलताईंचं मनही राखलं. आपण समोरासमोर बसून जेवलो. पोरांचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमची खाण्याची तऱ्हा मी जवळून पाहिली, तुम्ही भाकरीचा पापुद्रा आधी वेगळा काढून ठेवता आणि तो शेवटी खाता. मला फार बरं वाटलं. आणि जरा वेळानं उमगलं, की इथंही तुम्हीच रांधलंत आणि मीच जेवले.

त्या दुपारी कडेला पाय सोडून बसलो असताना मी तो विषय काढला. मला वाटलं, पोट भरलेलं आहे, बाई ऐकेल. मी म्हटलं, "तुम्ही ओट्यावर बसून भाकरी सोडता ना, तेव्हा मीनल आत जाऊन तोंड लपवते. घरात काही कमी आहे याची दरवेळी तुम्ही तिला आठवण करून देता. आई असून?"

तुम्ही पाण्यात पाय हलवलेत. मग म्हणालात, "आन् म्या जेवले तर?"

"तर काय? तिला आनंद होईल."

"न्हाय वो. तिला वाटंल, आईनं बी आस सोडली. डागदरनं सोडली. तुमी सोडली. आता आई बी जेवाय बसली, म्हंजे झालंच."

"आम्ही कुठं सोडली? मी तिला आजवर एका शब्दानं टोचलं नाही. तो विषयच काढत नाही मी."

"तेच म्हंते म्या," तुम्ही म्हणालात. "तुमी इषय काडत न्हाय. न बोलनं म्हंजे काय असतंय, इहीनबाई? तिला कळत न्हाय व्हय?"

मला झोंबलं ते. मी स्वतःला फार चांगली सासू समजत होते. इतर सासवा नवस करायला लावतात, टोमणे मारतात, मी त्यातलं काही केलं नाही, याचा मला अभिमान होता. आणि तुम्ही हळू आवाजात मला सांगत होतात, की माझी मुकाट्याची माया त्या पोरीला दार लावून घेतल्यासारखी वाटत असेल. मी चिडून म्हणाले, "मग तुमची उपासमार बरी आणि माझं गप्प बसणं वाईट का?" तुम्ही म्हणालात, "दोनी बी वाईट आसंल. पर दुसरं काय करावं, मला सुचत न्हाय."

ते भांडण तिथंच राहिलं. नंतर आपण फोनवर बोलायचो, तुमचा फोन नेमका दळणाच्या गर्दीच्या वेळी यायचा आणि मी "थांबा, थांबा" करत बाहेर पळायचे. म्हशीचं बोलायचो, खव्याच्या भावाचं बोलायचो, तुमच्या गुडघ्याचं बोलायचो. पण हा विषय दोघींनीही परत काढला नाही. मी मनात उत्तरं जुळवत राहिले. एकदा वाटायचं तुमचं बरोबर, एकदा वाटायचं साफ चूक. तुम्ही धाराशिवच्या दवाखान्यात यायला लागलात, दुपारी विसाव्याला आमच्याकडं थांबायला लागलात, तरी तुमची बाटली आणि तुमचं फडकं बरोबरच. मी ओट्यावर तुमच्याशेजारी बसून आपलं जेवायचे. तेवढं मी त्या हॉटेलातून शिकून आले होते.

मीनलला मात्र मी विचारायला लागले. एकदा धीर करून म्हटलं, "तुला काय वाटतं गं, मला सांग. रड, ओरड, पण सांग." ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पुष्कळ रडली. हे तुमच्यामुळं झालं. तुम्हाला हे सांगायचं म्हणून मी राखून ठेवलं होतं, फोनवर नाही, समोर बसून सांगायचं म्हणून. आणि मग तुमच्या थोरल्याचा फोन आला आणि सगळं बोलायचं तसंच राहिलं. फार राग आला तुमचा. एवढी घाई कसली होती, विहीणबाई? थांबायची तर सवय होती ना तुम्हाला?

काल ईटहून आल्यावर मीनल माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगायचंय. माझ्या आईनं सांगू नको म्हटलं होतं." आणि तिनं सांगितलं.

श्रावणात मी शेजारणींबरोबर येडशीला रामलिंगला गेले होते, त्या सोमवारी तुम्ही दवाखान्यातून आमच्याकडं आला होतात. शेखर कामावर. मीनल स्वयंपाकघरात एकटीच उभ्या उभ्या जेवत होती, कोणी घरात नसलं की ती अशीच जेवते. तुम्ही ओट्यावर बसला नाहीत. सरळ आत गेलात, फरशीवर बसलात आणि म्हणालात, "वाड मला बी."

तिला वाटलं तुमचं काहीतरी बिघडलंय. ती म्हणाली, "अगं आई, तू तर..."

"वाड म्हनलं न्हवं?"

मग तिनं वाढलं. शेपूची भाजी, वरण, भात, थोडं दही. तुम्ही सगळं खाल्लंत, परत भात मागितलात, तिच्या हातचं पाणी प्यायलात. आणि ताटात हात धुऊन तिला म्हणालात, "लई वाट बगितली म्या. येनाऱ्याची वाट बगताना तू समोर बसलीयास, तेच बगायचं ऱ्हायलं. तू हाइस की गं. मला तेवढं पुरं हाय."

मी मीनलला जवळ घेतलं. मग ती रडतच हसली आणि म्हणाली, "आणि आई म्हणाली, तुझ्या सासूला सांगू नगंस, गिरणीवर दवंडी पिटंल."

पिटली असतीच मी. सगळ्या गल्लीला पेढे वाटले असते. पोरीला त्या दिवशी तुम्ही जे दिलंत, ते तिच्या चेहऱ्यावर मला काल दिसलं, एवढ्या दुःखातही दिसलं. दोन महिने ती ते एकटीनं जपून वागवत होती आणि मला वाटत होतं, की माझ्याशी बोलायला लागल्यामुळं ती सावरली. तुमचे उपकार कसे फेडू, विहीणबाई? आणि तुमच्यावर चिडू तरी किती?

इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडले, ते भांडण मी जिंकले होते. माझ्याच घरात, माझ्याच फरशीवर तुम्ही पोटभर जेवलात, आणि वाढायला मी घरी नव्हते.